चेनचं लॉक सटकतंय? घड्याळ टाकू नका!

घड्याळाच्या पाठीवर २०० मीटर असं कोरलेलं असतं. काच जाड, चावी स्क्रूने घट्ट बसणारी, मागचं झाकण आटे फिरवून आवळलेलं. आणि हे सगळं ज्याच्या भरवशावर मनगटाला टिकून असतं ते लॉक मात्र बादलीतले कपडे पिळताना फटकन उघडतं! मुंबईच्या खारदांड्यात राहणाऱ्या घड्याळवेड्यांना हा अनुभव नवा नाही. समोर दर्या, वाऱ्यात मीठ, पावसाळ्यात भिंतींना सुटणारा ओलावा आणि लोकलच्या गर्दीत घामाने निथळणारं मनगट. या हवेत स्टीलच्या चेनचं लॉक कधीतरी कुरकुरणारच. आनंदाची गोष्ट अशी, की ही कुरकुर बऱ्याचदा घरच्या घरी मिटते. जुना टूथब्रश, कोमट पाणी आणि हलका हात एवढं भांडवल पुरतं. कृती पुढे सांगतोच, पण वाटेत डाइव्ह घड्याळांच्या इतक्या गमती भेटतात की त्या वगळून पुढे जाववत नाही.

पोहून आलेलं घड्याळ गळ्यात होतं

ऑक्टोबर १९२७. मर्सिडीज ग्लाइट्स ही इंग्लिश जलतरणपटू इंग्लिश खाडीच्या गारठलेल्या पाण्यात उतरली, तेव्हा तिच्याजवळ रोलेक्सचं ऑयस्टर घड्याळ होतं. खाडी पोहून जायचा पराक्रम तिने त्याच महिन्याच्या सुरुवातीला केला होता. लोकांनी शंका काढल्या म्हणून ती पुन्हा उतरली. दहा तासांहून जास्त वेळ ती पाण्यात होती. शेवटी थंडीपुढे इलाज चालेना आणि तिला बाहेर काढावं लागलं. घड्याळ मात्र टिकटिकत होतं. पुढच्याच महिन्यात लंडनच्या डेली मेलच्या पहिल्या पानावर रोलेक्सची जाहिरात झळकली आणि पाण्यातल्या घड्याळांचा जमाना सुरू झाला.

आता यातली खरी मौज. ते घड्याळ तिच्या मनगटावर नव्हतंच, गळ्यात अडकवलेलं होतं!

आणखी एक. २३ जानेवारी १९६० रोजी झाक पिकार आणि डॉन वॉल्श हे दोघे ‘त्रिएस्त’ यानातून मारियाना गर्तेच्या तळाशी, सुमारे १०,९०० मीटर खोल गेले. रोलेक्सचं खास बनवलेलं एक घड्याळ त्यांच्याबरोबर तळ गाठून सुखरूप वर आलं. तेही यानाच्या बाहेरच्या अंगाला बांधलेलं. इतिहासातल्या या दोन्ही गाजलेल्या बुड्यांमध्ये लॉकची परीक्षा झालीच नाही. ती तुमच्याआमच्या मनगटावर रोज होते.

पन्नास वाव खोल, मुंबई हायपेक्षाही खाली

ब्लाँपँ कंपनीने १९५३ मध्ये फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्या सैनिकांसाठी घड्याळ आणलं, त्याचं नाव फिफ्टी फॅदम्स. फॅदम म्हणजे दर्यावर्दींचं वाव. दोन्ही हात पसरून दोरी ताणली की जेवढी भरते तेवढं, सहा फूट. पन्नास वाव म्हणजे साधारण ९१ मीटर.

हा आकडा मुंबईकराने मुंबई हायशी ताडून बघावा. १९७४ मध्ये जिथे तेल लागलं, तिथे समुद्र साधारण ७५ मीटर खोल आहे, म्हणजे ४१ वाव. सत्तर वर्षांपूर्वीचं ते घड्याळ तिथल्या तळाला टेकूनही नऊ वाव शिल्लक ठेवणारं! समुद्रातल्या तेलविहिरींच्या कामावरचे पाणबुडे कित्येक दिवस दाबाखालच्या बंद खोलीत राहतात आणि हेलियम मिसळलेल्या हवेत श्वास घेतात. हेलियमचे अणू इतके बारीक की ते घड्याळातही शिरतात. वर येताना बाहेरचा दाब कमी होतो, आतला वायू अडकतो आणि काच उडू शकते. त्यासाठी रोलेक्सने १९६७ च्या सी-ड्वेलरमध्ये वायू बाहेर सोडणारी चिमुकली झडप दिली.

मुंबईच्या जुन्या पिढीत फेवर-ल्यूबा या स्विस नावाला भारी मान होता. सी किंग, सी चीफ ही त्यांची मॉडेल्स अजूनही घरोघरच्या कपाटांत सापडतात. याच कंपनीने साठच्या दशकात ‘बॅथी’ नावाचं घड्याळ काढलं. ते वेळेबरोबर खोलीही दाखवायचं, तेही बॅटरीशिवाय. पुढे २०११ मध्ये आपल्या टायटनने ही कंपनी विकत घेतली आणि काही वर्षं चालवली. आजोबांच्या कपाटात एखादी सी किंग असेल तर तिचं लॉक आधी तपासा. त्या काळचा पत्रा पातळ असे.

लॉकलाही बसावं लागतं परीक्षेला

डाइव्ह घड्याळ कशाला म्हणायचं याचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ६४२५. त्यात किमान १०० मीटरची हमी लागते, अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ दिसावी लागते, आणि लिहिलेल्या खोलीपेक्षा सव्वापट दाब सोसावा लागतो. हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पट्ट्याची आणि त्याच्या जोडांचीही वेगळी परीक्षा होते, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. जोडांवर २०० न्यूटनची ओढ देतात, म्हणजे जवळजवळ वीस किलो वजन टांगल्याइतकी. पट्टा सुटला किंवा पिन निखळली की घड्याळ नापास.

मला हा नियम मनापासून आवडतो. नांगर कितीही भक्कम असला तरी दोर कुजला की होडी वाहून जाते, हे दांड्यातल्या पोराटोरांनाही कळतं. ते घड्याळाच्या बाबतीत कुणीतरी कागदावर लिहून ठेवलं, हे फार चांगलं झालं.

एक सूचना इथेच. डायलवर ‘डायव्हर्स’ हा शब्द आणि मीटरचा आकडा असेल तर घड्याळ या मानकात बसतं असा दावा आहे. नुसतं ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेलं वेगळं. त्याच्या भरवशावर मालवणला बुडी मारायला जाऊ नये.

परीक्षेच्या पाण्यापेक्षा दर्या जास्त खारा

याच मानकात खाऱ्या पाण्याची चाचणी आहे. लिटरमागे ३० ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात घड्याळ २४ तास ठेवतात. खुल्या समुद्रात मात्र लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. शिवाय दांड्यात २४ तासांनी कुणी घड्याळ बाहेर काढत नाही, इथली खारी हवा बारा महिने तेरा काळ चालूच.

मग स्टेनलेस स्टील गंजतं कसं? त्याच्यावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. ओरखडा पडला तरी हवेतला ऑक्सिजन मिळताच तो थर पुन्हा धरतो. पण लॉकच्या घडीत, दोन पात्यांच्या फटीत, पिनेच्या भोकात हवा पोचत नाही. तिथे घाम साचतो, पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं आणि दाट होत जातं. थर तुटला तर पुन्हा धरायला ऑक्सिजनच नाही. म्हणून चेन बाहेरून चकाचक दिसते आणि पिन आत खड्डे पडून बारीक झालेली असते.

बहुतेक चांगल्या घड्याळांच्या चेन ३१६एल स्टीलच्या असतात. त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि क्षारांशी झुंजायला तेच कामी येतं. स्वयंपाकघरातल्या १८/८ भांड्यांमध्ये ते नसतं. दोन्ही प्रकारांना लोहचुंबक सहसा चिकटत नाही, तेव्हा चुंबक लावून ‘अस्सल स्टील’ ओळखायचा बाजारातला उपाय इथे उपयोगाचा नाही. यांत्रिक घड्याळाजवळ तर चुंबक नेऊच नका, त्याची चाल बिघडते.

चला, लॉक उघडा

सटकण्याची कारणं तीनच: मळ, वाक आणि झीज. मळ धुऊन जातो, वाक सरळ होतो. झिजलेला भाग मात्र बदलावाच लागतो. गंमत अशी, की लोक थेट पक्कड उचलतात आणि मळ तसाच राहतो. म्हणून क्रम पाळा, आधी धुणं.

चावी नीट आवळलेली आहे ना ते बघा. चेन घड्याळापासून सुटी करता आली तर उत्तमच. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाका आणि लॉक दहापंधरा मिनिटं बुडवून ठेवा. मग मऊ टूथब्रशने पात्यांच्या सांध्यात, बटणांच्या कडेला, आतल्या खाचेत घासा. पाण्याचा रंग बघून बरेच जण चकित होतात! बाजूला दाबायची दोन बटणं असतील तर ती पाण्यातच भरपूर वेळा दाबून सोडा. आत दोन चिमुकल्या स्प्रिंगा असतात. त्यांच्यात मळ बसला की बटण अर्ध्यावरच अडकतं, आकडा पूर्ण बाहेर येत नाही आणि लॉक लागल्यासारखं वाटून सुटतं. नळाखाली धुवा, कोरडं करा, पंख्याखाली ठेवा. लॉक लावताना टक् असा कोरडा, स्पष्ट आवाज आला तर काम झालं. निम्म्या तक्रारी इथेच संपतात असं माझं ठाम मत आहे.

आवाज आला नाही, तर लॉकचा प्रकार ओळखा.

साधं दाबून बसणारं पत्र्याचं लॉक जुन्या सेकोंवर, स्वस्त चेनवर हमखास दिसतं. त्यात झाकणाची आत वळलेली कड खालच्या पात्याच्या आडव्या दांडीवर चढून बसते. सगळी पकड त्या कडेची. रोज उघडून-मिटून ती कड फाकते. भिंगातून बघा: जिथे घासून चमक आलीय, तीच जागा. चपट्या तोंडाच्या पक्कडीला चामड्याचा तुकडा किंवा जाड चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे ओरखडे उठणार नाहीत. कड आतल्या बाजूला केसभर, अगदी केसभरच दाबा. लॉक लावून बघा. पुन्हा केसभर. दोन्ही बाजूंना सारखं, नाहीतर झाकण तिरकं बसेल.

इथे घाई महागात पडते. स्टील वाकवलं की त्या जागी ते कडक होतं. पुन्हा उलट वाकवलं की आणखी कडक, आणि मग एके दिवशी तुकडाच हातात येतो. एकदा जास्त दाबून मग मागे आणणं टाळायचं ते यासाठी.

आता लॉक बाजूने डोळ्यांच्या रेषेत धरा. आतल्या पात्यांचा बाक झाकणाच्या बाकाशी जुळतो का? घड्याळ फरशीवर पडलं असेल तर पातं मध्येच चेपतं आणि टोक खाचेपर्यंत पोचत नाही. अशा वेळी कड दाबून काही होणार नाही. पातं अंगठ्याने, एखाद्या गोल लाकडी दांड्यावर टेकवून, हळूहळू मूळ बाकावर आणा.

वर उलटून बसणारी सेफ्टीची पट्टी असेल तर तिच्या दोन्ही कडा बोटांनी किंचित आत दाबल्या की तीही घट्ट होते. मात्र ती दुसरी राखण. आतलं लॉक सैल ठेवून सगळा भार सेफ्टीवर टाकणं धोक्याचं.

आणि लॉक घट्ट असूनही चेन सुटत असेल तर? मग गुन्हेगार स्प्रिंगची पिन. लॉकच्या बाजूला बारीक भोकांची रांग असते, चेन सैल-घट्ट करायची. त्यातल्या एका भोकात पिनेचं टोक बसलेलं असतं. टोक झिजून गोल झालं किंवा आतली स्प्रिंग मेली की पिन भोकातून बाहेर येते. बारीक स्क्रूड्रायव्हरने टोक आत दाबा आणि पिन काढा. हे काम पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून करा, पंखा बंद ठेवून. स्प्रिंग उडाली तर पिशवीतच राहते, नाहीतर कपाटाखालची शोधमोहीम ठरलेली. जुनी पिन घेऊनच घड्याळवाल्याकडे जा. लांबी तर जुळलीच पाहिजे, जाडीही जुळली पाहिजे. बारीक पिन भोकात लगेच बसते, पण डुगडुगते आणि भोक मोठं करते. जुळणारी, सर्वांत चांगल्या प्रतीची पिन मागा. एवढ्याशा वस्तूत काटकसर कशाला?

कड्या स्क्रूने जोडलेल्या असतील तर स्क्रूही बघून घ्या. ते सैल होत असतील तर कमी ताकदीचा, पुन्हा उघडता येणारा थ्रेडलॉकर टोकाला अगदी किंचित लावा. फेव्हिक्विक नको, पुढच्या वेळी स्क्रूचं डोकंच तुटेल.

तेल नकोच

कुठलीही वस्तू अडली की तेल घालायची आपली सवय. पत्र्याचं लॉक घर्षणावर टिकतं. त्यात तेल गेलं की ते आणखी सटकतं, वर धूळ धरतं ती वेगळीच. बटणांच्या स्प्रिंगांना हवं तर सिलिकॉन ग्रीसचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब चालतो. ब्लीचला तर जवळही आणू नका. त्यातलं क्लोरीन स्टीलला खड्डे पाडतं. टूथपेस्टने चमक येण्याऐवजी बारीक ओरखडे उठतात.

बुडी मारली की मनगट बारीक?

मनगट तेवढंच राहतं, पातळ होतो तो अंगावरचा सूट. पाणबुड्यांच्या निओप्रीन सूटमध्ये वायूचे लाखो बुडबुडे असतात. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे आक्रसतात आणि वर घट्ट बसलेलं घड्याळ खाली गेल्यावर गोल गोल फिरू लागतं. म्हणून १९६७ च्या डॉक्साच्या घड्याळांना लांबणारं लॉक होतं, १९७५ च्या सेकोच्या ६०० मीटरवाल्या घड्याळाच्या पट्ट्याला घड्या होत्या, आणि ट्यूडरच्या पेलागोसमध्ये स्प्रिंगवर आपोआप सैल-घट्ट होणारं लॉक आहे.

रोलेक्सचा हिशेब बघण्यासारखा आहे. त्यांच्या ग्लाइडलॉकमध्ये चेन दोन-दोन मिलिमीटरच्या टप्प्यांनी एकूण २० मिलिमीटर वाढते, आणि सी-ड्वेलरला वरून २६ मिलिमीटरची उघडणारी कडी. एकूण ४६. आता शाळेतलं वर्तुळ आठवा. सूट सात मिलिमीटर जाड असेल तर मनगटाचा घेर किती वाढेल? दोन गुणिले पाय गुणिले सात, म्हणजे ४४. बरोब्बर बसलं! सात मिलिमीटरचा सूट थंड समुद्रांसाठी. आपल्या तारकर्लीच्या पाण्यात तीन मिलिमीटरचा पुरतो आणि त्याला १९ मिलिमीटर वाढ लागते, ग्लाइडलॉकच्या आवाक्यातली.

मात्र अशा टप्प्यांच्या लॉकमध्ये बारीक दात असतात आणि त्यात वाळू गेली की टप्पा घसरतो. जुहूच्या चौपाटीवरून आलात की नळाखाली लॉक उघडून, सरकवून धुवा.

बाँडचा पट्टा अरुंद निघाला

‘गोल्डफिंगर’ (१९६४) मध्ये शॉन कॉनरीच्या मनगटावर रोलेक्सची सबमरिनर आहे. तिला चेन नाही, रेघांचा कापडी पट्टा आहे, आणि तो घड्याळाच्या रुंदीपेक्षा इतका अरुंद की बाजूच्या पिना उघड्या दिसतात. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध गुप्तहेराला मापाचा पट्टा मिळाला नाही, तरी ते दृश्य घड्याळप्रेमींनी डोक्यावर घेतलं.

कापडी पट्ट्यांचं खरं काम पुढे ब्रिटिश संरक्षण खात्याने केलं. १९७३ च्या त्यांच्या मानकातला जी-१० नायलॉन पट्टा आज ‘नेटो पट्टा’ म्हणून सगळीकडे विकला जातो. तो दोन्ही पिनांखालून सलग जातो. एक पिन तुटली तरी घड्याळ दुसरीवर लटकून राहतं. लॉक दुरुस्त होईपर्यंत असा पट्टा घालायला उत्तम. आणि दांड्याच्या दमट हवेत तो दर आठवड्याला साबणाने धुता येतो, हा केवढा आराम!

लॉकच नसलेली चेन

स्पायडेल कंपनीने १९५९ मध्ये अमेरिकेत ताणणारी ट्विस्ट-ओ-फ्लेक्स चेन आणली. तशाच स्प्रिंगच्या चेन आपल्याकडे एचएमटीच्या घड्याळांवर कितीतरी मनगटांवर चढल्या. एचएमटीची घड्याळं १९६१ पासून, जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला बनू लागली. कंपनीचा घड्याळ विभाग बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला, पण तिचं ‘जनता’ घड्याळ अजून चालतंय. त्या स्प्रिंगच्या चेनला सटकायला लॉकच नव्हतं. मनगटावरचे केस मात्र उपटून काढायची. पाण्यात ती धोक्याची, कारण कशालाही अडकली की ताणून हातातून निघते.

कुठे थांबायचं

बटणवाल्या लॉकचे आकडे झिजून गोल झाले असतील, सरकत्या लॉकचे दात घासले असतील किंवा पत्र्याच्या वळणावर केसासारखी चीर दिसत असेल, तर पक्कड खाली ठेवा. तिथे घरगुती उपाय संपतो. रुंदी मोजून नवं लॉक घ्या. साध्या घड्याळांना ते सुटं मिळतं आणि महाग घड्याळ असेल तर कंपनीच्या केंद्रातच द्या. घासलेला आकडा कानशीने धारदार करायचा मोह होतो, पण तो फार दिवस टिकत नाही.

दुरुस्ती झाली की लगेच दर्याकडे धावू नका. पलंगावर गादीच्या वर हात धरा, लॉक लावा, दुसऱ्या हाताने चेन जोरात ओढा, मनगट झटका, मूठ आवळून फिरवा. एकदाही सुटलं तर पुन्हा भिंग घेऊन बसा.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या ६१ दिवसांत खारदांड्यात होड्या किनाऱ्यावर असतात, जाळी विणली जातात, तुटकं-फुटकं नीट केलं जातं. घड्याळाच्या लॉकसाठीही हेच दिवस धरा. हवा सर्वांत दमट याच काळात असते आणि मळ सर्वांत जास्त याच काळात साचतो. वर्षातून एकदा लॉक उघडून धुवा आणि पाण्यात वापरायचं घड्याळ असेल तर स्प्रिंगच्या पिना खराब व्हायची वाट न बघता बदलून टाका.